सहीच्या जागी फुली



1921 सालची मुंबई. फोर्टातल्या एका वकिलाच्या कचेरीत एक कागद येतो. मलबार हिलवर राहणारे एक मुसलमान गिरणीमालक वारले आहेत. मागे तीन बायका, तिघीही पडद्यात राहणाऱ्या. आपल्या वाट्याला येणारे सगळे आम्ही धर्मादायाला देत आहोत, असे त्या कागदात लिहिले आहे. खाली तिघींच्या निशाण्या आहेत, पण त्यातल्या एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे. कागद वाचणारी वकील तेवीस वर्षांची पारशी मुलगी आहे, तिचे नाव परवीन मिस्त्री. तिला पहिला प्रश्न पडतो तो खुनाचा नव्हे. खून अजून व्हायचाच आहे. जिला सही करता येत नाही तिला हा कागद वाचून दाखवला कुणी, आणि सगळे देऊन टाकल्यावर या बायका खाणार काय, एवढेच तिला कळत नाही. सुजाता मॅसी यांच्या 2018 साली आलेल्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या कादंबरीतले रहस्य इथून उलगडू लागते. खुनी कोण हे मी आज सांगणार नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा तेवढा आनंद हिरावून घेण्याचे पाप व्यासपीठावरून करू नये. मला बोलायचे आहे ते त्या फुलीबद्दल आणि ती पाहून थबकणाऱ्या मुलीबद्दल.

ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांत तरुण स्त्री-गुप्तहेरांची सध्या रेलचेल आहे आणि त्यांच्याकडे पाहण्याची आपली एक ठरलेली तऱ्हाही आहे. आजची मुलगी घ्यायची, तिला जुन्या काळचे लुगडे नेसवायचे, आजूबाजूला ट्राम आणि व्हिक्टोरिया सोडायच्या, की झाली ऐतिहासिक कादंबरी, असे आपण म्हणतो. पुष्कळ पुस्तकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण अशा मुलीची जागा इतिहासात मुळातच नव्हती आणि ती लेखकाने आपल्या सोयीसाठी उकरून काढली, हे मला मान्य नाही. निदान हिंदुस्थानापुरते बोलायचे तर ती जागा सरकारच्या कायद्यानेच तयार केली आणि त्याच कायद्याने तिथे कुणाला बसू दिले नाही. रिकाम्या खुर्चीवर कादंबरीकाराने एका मुलीला बसवले, इतकेच. हे पटवून द्यायचे तर थोडा वेळ कायद्याच्या पुस्तकांत शिरावे लागेल. कंटाळवाणे होणार नाही याची काळजी घेतो.

पडदानशीन स्त्रीविषयी इंग्रजी अमदानीतल्या कायद्याची भूमिका मोठी चमत्कारिक होती. दिवाणी कामकाजाच्या 1908 च्या संहितेत 132 वे कलम आहे. ज्या स्त्रियांना रिवाजाप्रमाणे चारचौघांत येता येत नाही त्यांना कोर्टात जातीने हजर राहण्याची सक्ती करू नये, असे ते सांगते. वरवर पाहता ही सवलत आहे. बाईंची साक्ष घ्यायची तर कमिशन घरी जाई, मधे पडदा धरला जाई, पलीकडून आवाज येई आणि कारकून लिहून घेई. दुसऱ्या अंगाला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, एकोणिसाव्या शतकातच एक दंडक घालून दिला होता. पडदानशीन बाईने करून दिलेल्या दस्तऐवजावर जो कुणी हक्क सांगेल, त्यानेच सिद्ध करायचे की तो मजकूर बाईंना समजला होता आणि त्यांनी आपखुशीने निशाणी केली होती. म्हणजे नुसत्या सहीला किंमत नाही, समजुतीला आहे. हा दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो. पण तो पाळायचा कसा? बाईंना समजले की नाही हे पाहायला आत जाणार कोण? दीर, दिवाण, मुनीम, मुखत्यार हेच आत-बाहेर करणार, आणि बहुतेक वेळा त्या कागदातून ज्याचा फायदा व्हायचा तोही यांच्यातलाच एक असणार. वकील पुरुष, त्याला आत मज्जाव. बाईमाणसाला आत जाता येते, पण बाई वकील होऊ शकत नाही. कलकत्ता हायकोर्टाने 1916 साली रेजिना गुहा यांना सनद नाकारली, पाटणा हायकोर्टाने 1921 साली सुधांशुबाला हाजरा यांना. कायद्याला पुरावा हवा होता घराच्या आतला, आणि तो आणू शकेल अशा एकमेव माणसाला कायद्याने दाराबाहेर उभे केले होते.

याच काळात शास्त्राने एक उपाय काढला होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 साली एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. तिथून सुरू झालेली वाट 1897 साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी उघडण्यापर्यंत आली. जगातली ही अशी पहिली कचेरी. रहस्यकथेच्या वाचकाला ठसा म्हटले की गुन्हेगार आठवतो. पण हर्शेलची अडचण गुन्हेगाराची नव्हती, निरक्षराची होती. आपण सही केलीच नाही असे म्हणणाऱ्या माणसाला ठशाने बांधून ठेवता येते. आता तो ठसा त्या फुलीच्या जागी ठेवून पाहा. अंगठा त्याच बाईंचा, हे ठसा सांगेल. अंगठा कागदावर टेकवताना त्यांना काय सांगितले होते, हे कोणताही ठसा सांगणार नाही. शेरलॉक होम्सचे भिंग इथे कुचकामी आहे. पडद्याच्या आत जाऊन बसणे, चहा घेणे, मुलांची चौकशी करणे आणि मग हळूच विचारणे, ‘त्या दिवशी कागद कोणत्या भाषेत होता हो?’ तपासाची रीत हीच, दुसरी नाही. परवीन हेच करते. ती एकेका विधवेला वेगळे गाठून तिच्याशी बोलते. तिघींचे एकमत कागदावर जितके घट्ट दिसते तितके घरात नाही, हे तिला त्यातून कळते.

आता कुणी म्हणेल की रिकामी खुर्ची होती खरी, पण तिथे बसायला येणारी मुलगी कुठून आणलीत? तर ती नाशिकची. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 साली नाशिकला झाला. वडील पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली ही पहिली विद्यार्थिनी आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. गुणांप्रमाणे विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. मुलगी म्हणून मिळाली नाही. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि ती 1889 साली ऑक्सफर्डला गेली. 1892 साली कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देऊ लागले ते 1920 पासून. परत आल्यावर मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, सनद नाहीच. शेवटी 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारस आणि स्त्रियांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, तिची नेमणूक झाली आणि पडदानशीन जमीनदारणींची कायदेशीर मदतनीस म्हणून तिने पुढची जवळजवळ वीस वर्षे काढली. पालखीत, हत्तीवर, होडीतून ती आडरानातल्या वाड्यांवर जाई. अशा सुमारे सहाशे स्त्रिया आणि मुलांचे प्रश्न तिने हाताळले असे मानले जाते. वारसाहक्काचे तंटे, खोटे दत्तकविधान, अज्ञान वारसाच्या जिवाला असलेला धोका हा तिचा रोजचा व्यवसाय होता. मॅसींनी परवीन घडवताना हिच्याकडून घेतले, आणि मिठन टाटांकडूनही, ज्या 1923 च्या कायद्यानंतर मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री वकील झाल्या. म्हणजे कादंबरीकाराला कल्पना लढवावी लागली ती प्रसंगांची. भूमिका तयारच होती.

यावरून मी एक साधी कसोटी सुचवतो. अशा कादंबरीतल्या नायिकेच्या जागी मनातल्या मनात एक पुरुष बसवून पाहावा. कथा तशीच पुढे गेली तर ती मुलगी म्हणजे नुसता वेष. कथा पहिल्याच प्रकरणात अडली तर मुलगी खरी. या कसोटीला उतरणारे वास्तवातले जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. 1856 साली केट वॉर्न नावाची तरुण विधवा शिकागोला ॲलन पिंकर्टनच्या खासगी तपाससंस्थेत नोकरी मागायला गेली. जिथे पुरुषांचा शिरकाव होत नाही तिथे बाईला जाता येते, हा तिचा युक्तिवाद होता, आणि पिंकर्टनला तो पटला. लंडनच्या पोलिसांत एकही स्त्री तपासनीस नव्हती तेव्हा, 1864 साली, तिथे स्त्री-गुप्तहेरांच्या कथांची दोन पुस्तके निघाली. 1893 साली कॅथरिन पर्किस यांनी लव्हडे ब्रुक ही नायिका आणली, ती ओळख लपवून घरांत वावरते आणि नोकरमाणसांकडून गोष्टी काढून घेते. या साऱ्यांत सामाईक आहे ते हे की, बंधन आणि साधन एकच. घरात राहा म्हणून जिला सांगितले, तिला घराची बोली येते. मलबार हिलच्या बंगल्यात परवीनऐवजी तिचे वडील जमशेदजी गेले असते तर जाळीच्या अलीकडे बसून, मुखत्यार सांगेल ते ऐकून, कागद घेऊन परत आले असते. ते हुशार नाहीत म्हणून नव्हे. त्यांच्या हुशारीला आत जायला दारच नव्हते.

कालविसंगतीचा आक्षेप मात्र एवढ्याने मिटत नाही, कारण तो केवळ व्यवसायाचा नाही, मनाचा आहे. त्या काळच्या मुलीच्या डोक्यात असे प्रश्न आले असते का? याचे उत्तर मराठी वाचकाला कुणी शिकवायला नको. 1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपले मूल मारल्याचा खटला झाला आणि तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या अनीतीवर अग्रलेखांचा पाऊस पडला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून काढले. ते पुस्तक आपण निबंध म्हणून वाचतो, पुरोगामी परंपरेत त्याची नोंद करतो आणि पुढे जातो. एकदा ते तपासाचे टिपण म्हणून वाचा. सगळे न्यायाधीश, सगळे संपादक आरोपीकडे बोट दाखवत असताना ही बाई विचारते की या प्रकरणातला दुसरा माणूस कुठे आहे. गुन्हा एकटीने होत नाही, मग पिंजऱ्यात एकटीच का? उपलब्ध पुराव्यात जो नाही त्याच्याकडे लक्ष वेधणे, यालाच तर आपण तपास म्हणतो. आणि रखमाबाई? बालपणीच्या लग्नाने मी बांधली जात नाही हे म्हणणे त्यांनी 1884 पासून चार वर्षे मुंबई हायकोर्टापुढे धरले. 1887 साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा तुरुंग पत्करीन असे त्या म्हणाल्या. खटला 1888 साली पैसे देऊन मिटला आणि त्या लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. परवीनला 1921 साली जे सुचते त्याच्याहून धीट विचार तिच्या जन्माआधी छापून, आणि तिच्याच शहरात कोर्टात मांडून झाले होते. कादंबरी काळाच्या पुढे गेली असे म्हणणाऱ्याला मी उलट विचारीन की, काळ मागासलेला होता हे आपण कुठून ठरवले?

एक गोष्ट आक्षेपकाला द्यावी लागते. 1921 सालच्या मुंबईत बापाच्या फर्ममध्ये सॉलिसिटर म्हणून बसलेली मुलगी ही सूट आहे. पण ती सूट किती मोजून घेतली आहे पाहा. परवीन कोर्टात उभी राहू शकत नाही, ही मर्यादा कादंबरी सोडत नाही. आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यात तर कायदा तिला जराही सूट देत नाही. कलकत्त्याच्या सायरस सोडावालाशी तिने प्रेमविवाह केला, सासरी विटाळाच्या दिवसांत तिला कोंडून ठेवले गेले, मारहाण झाली. ती पळून मुंबईला आली. तरी घटस्फोट नाही, फक्त वेगळे राहण्याची परवानगी. 1865 च्या पारशी विवाह कायद्याखाली नवऱ्याचे वेश्येकडे जाणे व्यभिचारात धरले जात नव्हते. अकरा पारशी डेलिगेटांचे मंडळ अशा प्रकरणांत निवाडा करी, आणि अर्थात सगळे पुरुष. 1936 साली हा कायदा बदलला. तोवर परवीनसारखीने ना सवाष्ण ना विधवा अशा अवस्थेत राहायचे. दुसऱ्यांच्या कागदांतली खोच तिला बरोबर दिसते, स्वतःच्या लग्नाच्या कागदातली दिसूनही काही करता येत नाही. ‘आजची मुलगी जुन्या वेषात’ असती तर लेखिकेने तिला पहिल्याच पुस्तकात मोकळी केली असती.

मला अधिक अडचणीचा वाटतो तो दुसरा आक्षेप आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. कॉर्नेलिया सोराबजी इंग्रजी राज्याच्या कट्टर बाजूच्या होत्या. गांधींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. 1927 साली कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेच्या, हिंदुस्थानी समाजावर टीका करणाऱ्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने देशभर संताप उसळला, तेव्हा त्या मेयोच्या बाजूने उभ्या राहिल्या. पडदा गेला पाहिजे यापेक्षा पडद्यातल्यांना सरकारने सांभाळले पाहिजे, असा त्यांचा कल होता. यातली बोचणारी बाजू काढून टाकून, स्वातंत्र्यचळवळीबद्दल आपुलकी असलेली एक गोड परवीन घडवली, तर इतिहासाचे रंगरोगण झाले नाही का? काही प्रमाणात झाले. तरीही आपल्या भाषेने इथे मला एक किल्ली दिली. इंग्रजीत डिटेक्टिव्ह म्हणजे दडलेले उघडे करणारा. आपण त्याला गुप्तहेर म्हटले. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयापासून हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला की त्यातला ‘हेर’ आपल्याला ऐकूच येत नाही. हेर म्हणजे शिवरायांचा बहिर्जी नाईक. हेर कुणाचा तरी असतो. वेष पालटून आत शिरायचे आणि बातमी बाहेर आणायची, ती कुणासाठी, हा प्रश्न मराठी शब्दात मुळापासून आहे, इंग्रजी शब्दात नाही. कॉर्नेलिया कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या पगारावर होत्या, म्हणजे जनान्यातली गोष्ट त्या सरकारला सांगत. आणि मॅसींच्या दुसऱ्या कादंबरीत, 2019 सालच्या ‘द सातापूर मूनस्टोन’मध्ये, परवीनही तिथेच येऊन पोचते. सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात दोन महाराण्यांचा बाळराजाच्या शिक्षणावरून वाद आहे. दोघीही पडद्यात. आत जायला बाई हवी म्हणून इंग्रज सरकारची कोल्हापूर एजन्सी परवीनला धाडते. मुंबईतल्या बंगल्यात ती विधवांची वकील होती. इथे ती साहेबाची माणूस आहे, आणि राजवाड्यातल्या बायका तिच्याकडे त्याच नजरेने पाहतात. लेखिकेने कॉर्नेलियांची राजनिष्ठा परवीनच्या मनातून काढली, पण तिच्या नोकरीत राहू दिली. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते. कुणाला ती पळवाट वाटली तर त्याच्याशी मी भांडणार नाही.

राहिला वर्गाचा मुद्दा, की ही सगळी हुशारी वडिलांचे ऑफिस, मोटार आणि मलबार हिलच्या ओळखींवर उभी आहे. खरे आहे. ज्यांना नवऱ्याने द्यायचे मेहेर नाही, वाटा नाही, त्यांच्या कागदांवर फुलीही उमटत नाही. म्हणूनच 2023 सालची चौथी कादंबरी, ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस’, मला महत्त्वाची वाटते. त्यात सुनंदा नावाची आया आगीतून मालकाच्या मुलाला वाचवते आणि थोड्याच दिवसांत गर्भपाताचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून तुरुंगात जाते. 2024 पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेच्या 312 व्या कलमात स्पष्टीकरण होते: जी स्त्री स्वतःचा गर्भ पाडते तीही या कलमाखाली येते. कलम 1860 चे. ताराबाईंनी सुरतेच्या खटल्यावरून विचारलेला प्रश्न चाळीस वर्षांनी, कादंबरीच्या मुंबईत, पुन्हा उभा राहतो. इथे परवीनला उपयोगी पडते ते तिचे शिक्षण. तिचा वर्ग आड येतो, कारण ज्या घरातल्या आयेसाठी ती धावते त्याच घरात ती समारंभाला पाहुणी म्हणून गेलेली असते.

या चारही कादंबऱ्यांतली मुख्य कथानके 1921 आणि 1922 या दोनच वर्षांत घडतात, हे सहज लक्षात येणारे नाही. प्रिन्स ऑफ वेल्स 17 नोव्हेंबर 1921 ला मुंबईत उतरला आणि शहरात दंगली पेटल्या, त्यावरही त्यांतली एक आहे. लेखिका घड्याळ पुढे सरकू देत नाही. मालिका लिहिणाऱ्याला नायिका तरुण ठेवायची असते, हे एक कारण झाले. मला वाटते दुसरे कारण 1923 च्या कायद्यात आहे. त्या वर्षी स्त्रियांना वकिलीची मनाई उठली. त्यानंतर परवीन कोर्टात उभी राहू शकेल, आणि मग जाळीपलीकडे जाऊन बसण्याची तिची गरजही कमी होईल. असा माझा तर्क. पण प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले की तो तर्क जरा डळमळतो. मनाई उठल्यावर कॉर्नेलिया सोराबजी 1924 साली कलकत्ता हायकोर्टात दाखल झाल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. कोर्टात बोलण्याची कामे त्यांच्याकडे फारशी आलीच नाहीत. लेखी अभिप्राय द्यायला म्हणून दस्तऐवज तेवढे येत. पाच वर्षांनी सनद बाजूला ठेवून त्या लंडनला निघून गेल्या.